एकोणतीस सेंटिमीटरचं जंगल

झाड वाढवायला माती, पाणी आणि ऊन लागतं. झाड वाढू न देता तीस वर्षं जिवंत ठेवायला मात्र सरकार लागतं. पहिलं काम कुठलाही पक्षी चोचीतून बी टाकून करतो. दुसऱ्यासाठी कार्यालय, शिक्का, शिट्टी आणि अकरा माणसं लागतात. आमच्याकडं ही सगळी सामग्री होती, म्हणून आमचा इतिहास लिहून ठेवणं माझं कर्तव्य आहे.

ऐन झारूरची सरकारी रोपवाटिका केफ शहराहून दक्षिणेला बसनं दीड तासावर आहे. बस तिथं थांबत नाही, बिघडली तरच थांबते. त्यामुळं येणं-जाणं तसं बरं आहे. मी तिथं चाळीसेक वर्षं भांडारपाल होतो. (भांडारात एक खोरं, दोन बादल्या आणि तिसऱ्या बादलीबद्दलचा पत्रव्यवहार.)

रोपवाटिकेचा उद्देश पहिल्या दिवसापासून फाटकावर रंगवलेला होता: ‘समोरचा उघडा डोंगर पाच वर्षांत झाकणे’. त्यातला ‘पाच’ पावसानं धुऊन गेला, ‘वर्षांत’ तेवढं राहिलं. खात्यानं ते तसंच राहू दिलं, कारण आता त्यात काही चूक नव्हती.

रोपांच्या पहिल्या तुकडीचं बियाणं आलं चाळीस किलो. पाइनचं. आता पाइनचं बी म्हणजे काय ते आमच्या मुलखात लहान पोराला विचारा. प्रेषितांच्या जन्मदिवशी ते वाटून, गाळून त्याची काळीभोर खीर करतात, वर बदाम-पिस्त्याची नक्षी काढतात. बियाणं आलं ते या सणाच्या बरोबर आठ दिवस आधी. संचालक लम्जद साहेब पोत्यांकडं बराच वेळ बघत उभे राहिले. मग म्हणाले की दर्जा तपासल्याशिवाय सरकारी बियाणं जमिनीत घालणं बेजबाबदारपणाचं होईल. तपासणी झाली. एकतीस किलो बियाणं उत्तम ठरलं. उरलेलं नऊ किलो पेरलं.

गाळताना जो खडबडीत चोथा राहिला तो आमच्या मजूर सालहाच्या सासूनं घरामागं फेकून दिला. आज तिथं पंधरा-वीस पाइन उभे आहेत, मशिदीच्या मिनाराला खालून वर बघायला लावतील असे. पण ते कुठल्याच नोंदवहीत नाहीत. त्यामुळं ऐन झारूर परिसरात जंगल नाही, हे खात्याचं म्हणणं अगदी खरं आहे.

आता सालहाविषयी सांगायला पाहिजे, कारण हा इतिहास तिचाच आहे, आम्ही बाकीचे त्यात चहा पीत होतो. ठेंगणी, मजबूत बाई. डोक्याला लाल रुमाल, लिहिता-वाचता येत नाही. पण परिपत्रक एकदा कानावरून गेलं की त्यातला स्वल्पविरामसुद्धा लक्षात राहायचा. तिच्या नेमणुकीच्या पत्रात, सगळ्यांच्या असतं तसंच, एकच वाक्य होतं: ‘तुकडी लावणीयोग्य होईपर्यंत’. लावणीयोग्य म्हणजे तीस सेंटिमीटर. तुकडीतलं एक जरी रोप तीस झालं की ट्रक येणार, तुकडी जाणार आणि तुकडीबरोबर नेमणुकाही जाणार.

तिसऱ्या तुकडीच्या वेळी बायांनी जीव ओतून काम केलं. रोपं चौदा महिन्यांत तीस सेंटिमीटर झाली. खात्यानं लेखी अभिनंदन केलं आणि आठही बायांना त्याच दुपारी घरी पाठवलं. (रोपांचा ट्रक पुढं घाटात बिघडून सोळा दिवस उन्हात उभा राहिला. पण तो वाहतूक विभागाचा इतिहास आहे, त्यात आपण ढवळाढवळ करायला नको.)

सालहा घरी गेली, अभिनंदनाच्या कागदात तिनं जिरे बांधले, आणि विचार केला. चौथ्या तुकडीला तिला परत बोलावलं तेव्हा ती येताना शेळी घेऊन आली.

शेळी मुद्दाम आणली असं मी म्हणत नाही. तुकडीत बारा हजार रोपं होती, ती वाढून तीसला टेकली होती आणि ट्रक पुढच्या आठवड्यात यायचा होता. फाटकाची कडी कुणी काढली ते चौकशीत सिद्ध झालं नाही. रखवालदार हम्मादी, ज्याच्या गळ्यात शिट्टी असायची, म्हणाला की शेळी आत शिरताना त्यानं पाहिली, पण शिट्टी फक्त माणसांसाठी दिलेली आहे. शेळीनं रांगेनं शेंडे खाल्ले. ट्रक आला, जिल्ह्याच्या तपासनिसानं पट्टी लावली, सव्वीस सेंटिमीटर निघाले, ट्रक रिकामा परत गेला आणि नेमणुका एक वर्षानं वाढल्या.

त्या संध्याकाळी अकराही माणसं शेळीकडं ज्या आदरानं बघत होती, तसं मी कुणाला संचालकाकडं बघताना पाहिलेलं नाही.

पुढची चार वर्षं हे काम शेळीनंच सांभाळलं. मग वयोमानानं तिचे दात गेले आणि जबाबदारी मेंढ्या भादरायच्या कात्रीकडं आली. दर गुरुवारी, दुसरा चहा झाल्यावर, बाया रांगेत बसून शेंडे खुडायच्या. मोजायला हम्मादीनं एक काठी केली होती, एकोणतीसवर खाच असलेली. अठ्ठावीस झालं तर रोपाकडं दुर्लक्ष होतंय अशी शंका येते, तीस झालं तर घरी बसावं लागतं. एकोणतीस म्हणजे रोप निरोगी आहे, प्रगती चालू आहे आणि अजून थोडा वेळ लागेल. सरकारी कामाचं वर्णन करायला याहून नेमकं माप जगात नसेल.

जिल्ह्याचा तपासनीस दरवर्षी यायचा, पहिल्या रांगेतली दहा रोपं मोजायचा, ‘समाधानकारक’ लिहायचा आणि जेवून जायचा. सालहाच्या हातच्या, हरिसा म्हणजे लाल मिरचीची जाळ चटणी घातलेल्या भाजीमुळं त्याला घाम फुटायचा आणि अकराव्या रोपापर्यंत जायची ताकद राहायची नाही. अशी एकतीस वर्षं गेली. खोडं मनगटाएवढी जाड झाली, साली फाटल्या, काही रोपांना एकोणतीस सेंटिमीटरवर म्हातारपणाचा बाक आला. पाहुण्यांना वाटायचं बाळं आहेत. जवळून बघितलं की बाळांना दाढ्या होत्या.

आणि मग रोप क्रमांक सात हजार तीनशे चौदा.

हे रोप गळक्या नळाखाली, कार्यालयाच्या मागच्या बाजूला राहून गेलं होतं. त्याचं मूळ पिशवी फाडून जमिनीत गेलं. पहिल्या वर्षी सालहा म्हणाली, पुढच्या गुरुवारी खुडते. दुसऱ्या वर्षी तिथं सावली पडायला लागली आणि चहाची किटली तिकडं सरकली. तिसऱ्या वर्षी सावलीत अकरा माणसं मावायला लागली. मग गुरुवारची कात्री कुणाला उचलवेना, कारण कात्रीपर्यंत जायला उन्हातून जावं लागायचं. नोंदवहीत मी दरवर्षी लिहीत होतो: ७३१४, उंची एकोणतीस. ते लिहायला बसायचो त्याच झाडाखाली. उंची तोपर्यंत चार मीटरवर गेली होती.

रोपवाटिकेत झाड असणं ही गोष्ट दिसते तितकी साधी नाही.

त्याच वर्षी राजधानीतून पत्र आलं. एका नव्या अधिकाऱ्यानं फाइल उघडली आणि त्याच्या लक्षात आलं की तुकडी क्रमांक चार आणि तो एकाच वर्षी जन्मले आहेत. त्याची उंची एक मीटर ब्याऐंशी होती. म्हणून तो स्वतः येऊन बाराच्या बारा हजार रोपं मोजणार होता. ट्रक त्याच्या मागूनच निघणार होता.

सालहाला तेव्हा पेन्शनला एक वर्ष चार महिने बाकी होते. तोपर्यंत नेमणूक टिकली तर पेन्शन. एक दिवस आधी तुटली तर आणखी एक अभिनंदनाचा कागद.

बैठक झाली, अर्थात त्याच झाडाखाली. लम्जद साहेबांनी सुचवलं की झाड तोडावं. हम्मादीनं लगेच सांगितलं की पाइन तोडणाऱ्याला पकडून देणं हे त्याचं काम आहे, एका फांदीपायी त्यानं स्वतःच्या मेव्हण्याला पकडून दिलं होतं आणि बायको अजून त्याच्याशी तिरकं बोलते. शिवाय झाड तोडलं तर बारा हजारांत एक रोप कमी. म्हणजे चोरी. म्हणजे चौकशी. साहेबांनी मग सुचवलं की झाड इमारत म्हणून दाखवावं. पण इमारतीला रंगाची तारीख लिहावी लागते.

मी मोजणीचं परिपत्रक काढून वाचायला लागलो. काही सुचत नसलं की आम्ही परिपत्रक वाचतो, इतर लोक जपमाळ ओढतात तसं. सालहा डोळे मिटून बसली होती. तिसऱ्या परिच्छेदाला तिनं हात वर केला.

“परत वाच. उंची कुठून मोजायची म्हणालास?”

“पिशवीच्या काठापासून शेंड्यापर्यंत.”

“आणि पिशवी केवढी?”

मी पुढचं पान उलटलं, मागचं उलटलं, टाचणीसुद्धा तपासली. पिशवीच्या मापाबद्दल परिपत्रक गप्प होतं.

“मग शिवायला घ्या,” सालहा म्हणाली.

पुढचे नऊ दिवस रोपवाटिकेत जेवढं काम झालं तेवढं त्याआधीच्या तीस वर्षांत झालं नव्हतं. ऑलिव्हची गोणपाटं घराघरांतून आली. फांद्या वर ओढून छत्री मिटावी तशा खोडाला बांधल्या. बायांनी झाडाभोवती पिशवी शिवत नेली, खालून वर, एकेक वेढा करत. माती समोरच्या डोंगरावरून आणली. तिथं या तुकडीसाठी तीस वर्षांपूर्वी खणलेल्या खड्ड्यांच्या कडेला मातीचे ढिगारे तसेच होते. अशा रीतीनं त्या खड्ड्यांचा अखेर वनीकरणासाठी उपयोग झाला. नवव्या दिवशी संध्याकाळी पावणेचार मीटर उंचीची एक पिशवी उभी राहिली आणि तिच्या तोंडातून एकोणतीस सेंटिमीटरचा हिरवा शेंडा बाहेर डोकावत होता. जाडजूड माणसाच्या खिशातून रुमाल दिसावा तसा. सावली गेली होती, पण कायद्याला तडा गेला नव्हता.

दहाव्या दिवशी राजधानीचा तो नवा अधिकारी आला, तपासनीस नूरी. उंच, काटकुळा पोरगा, हातात खात्याची नवी पट्टी. भाजी खाल्ली, घामाघूम झाला आणि तरीही उठून अकराव्या रोपाकडं गेला. आमच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडत होतं. पाच दिवस तो मोजत होता. एकोणतीस. एकोणतीस. एकोणतीस. तिसऱ्या दिवशी त्यानं मला विचारलं की तिकडं घरांमागं मोठे पाइन दिसतात ते कुणाचे. मी म्हटलं, ते खिरीतले. त्यानं ते लिहून घेतलं नाही.

पाचव्या दिवशी दुपारी तो कार्यालयामागं आला आणि थांबला.

“हे काय आहे?”

“सात हजार तीनशे चौदा,” मी म्हटलं.

“एवढी पिशवी?”

“मुळाला मोकळं वाटावं म्हणून,” लम्जद साहेब म्हणाले. “आमचा प्रयोग आहे.”

नूरीनं परिपत्रक काढलं. वाचलं. टाचणी तपासली. मग शिडी मागितली. (शिडी भांडारात नव्हती. मशिदीतून आणली, पोचपावती देऊन.) तो वर चढला, पिशवीच्या काठाला पट्टी टेकवली आणि ओरडून सांगितलं, “एकोणतीस.”

मी लिहायला पेन टेकवलं आणि त्याच क्षणी खालून दुसऱ्या वेढ्याची शिवण उसवली. आवाज मोठा नव्हता, चादर फाटावी तेवढाच. वीतभर भोकातून माती सुळसुळ बाहेर यायला लागली आणि वर पिशवीचा काठ खाली बसायला लागला.

“थांबा,” नूरी वरून म्हणाला. “तीसला आलंय.”

हम्मादीनं सवयीनं शिट्टी वाजवली, पण माती थांबली नाही. साहेब आकाशाकडं बघायला लागले. सालहा शांतपणे किटली घेऊन पुढं आली, भोकाला पाठ लावून खाली बसली, पाय पसरले आणि चहा ओतायला लागली. माती जवळजवळ थांबली, पण तिच्या खांद्यांवरून थोडी थोडी गळतच होती.

“एकतीस,” नूरी म्हणाला. आता त्याचा आवाज बारीक झाला होता. “हे रोप माझ्यासमोर वाढतंय.”

“आमची माती चांगली आहे, साहेब,” मी म्हटलं.

“मावशी, जरा उठा बरं. मला खालून बघू द्या.”

“गुडघे धरलेत रे बाबा,” सालहा मान वर न करता म्हणाली. “तूच खाली ये. चहा निवतोय.”

“मी कामावर आहे.”

“मला काय, मी पण आहे. एकतीस वर्षं.” तिनं पुदिन्याचं पान पेल्यात टाकलं. “किती दिवसांसाठी नेमलंय तुला?”

नूरीनं खाली वाकून बघितलं. खाली आम्ही अकरा माणसं आणि एक ट्रकचालक, जो आपला ट्रक फाटकाशी लावून हातात भाकरी घेऊन तमाशा बघायला आला होता.

“तपासणी पूर्ण होईपर्यंत,” नूरी म्हणाला.

“किती रोपं राहिली?”

“हे शेवटचं.”

सालहानं दुसरा पेला भरला. तिच्या लाल रुमालावर मातीचा थर बसला होता, पाठीमागची शिवण तिच्या वजनाला कण्हत होती. ती म्हणाली, “घरी कोण कोण आहे?”

“आई. दोन बहिणी.”

“मग मोज की. कशाला थांबलास?”

नूरीनं शिडीवरून सभोवार नजर फिरवली. तिथून त्याला बारा हजार रोपं दिसत असणार, त्यापलीकडं उघडा डोंगर, आणि घरांमागचे ते खिरीतले पाइन. मग त्यानं पट्टी मिटून खिशात घातली.

“वारा आहे,” तो म्हणाला. “शेंडा हलतोय. हलणाऱ्या रोपाचं माप नियमात बसत नाही.”

त्या दिवशी ऐन झारूरमध्ये वारा इतका पडला होता की हम्मादीच्या सिगारेटचा धूर सरळ वर जाऊन नूरीच्या नाकात शिरत होता. त्याला ठसका लागला. ठसक्यानं शिडी हलली आणि शिडीनं शेंडा हलला. तेव्हा त्याच्या म्हणण्यात तांत्रिक त्रुटी काढता येणार नाही. त्यानं खाली उतरून चहा घेतला आणि तिथंच बसून अहवाल लिहिला: ‘११,९९९ रोपे मोजली. सर्व समाधानकारक. एक रोप वाऱ्यामुळे शिल्लक. वारा थांबताच तपासणी पूर्ण करण्यात येईल.’

ट्रक रिकामा परत गेला.

या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. वारा अजून थांबलेला नाही, नूरी दर महिन्याला तसं लेखी कळवतो. तो इथंच राहतो, सालहाच्या शेजारी, आणि त्याचं वजन वाढलंय. सात हजार तीनशे चौदा वाढतच आहे, म्हणून दर वसंतात बाया पिशवीला एक वेढा जोडतात. ती साडेसहा मीटर झालीय आणि केफच्या रस्त्यावरून दिसते. बस आता तिथं बिघडली नसली तरी थांबते, कारण लोकांना फोटो काढायचे असतात. मध्यंतरी खात्यानं सगळ्या रोपवाटिकांना लांब पिशव्या वापरण्याची शिफारस केली आणि नमुना म्हणून आमचं चित्र छापलं.

सालहाला पेन्शन मिळालं, ठरल्या तारखेला, एक दिवस इकडं नाही की तिकडं नाही. शेवटच्या गुरुवारी आम्ही तिला काय द्यावं यावर बराच खल झाला. एखादं रोप द्यावं असं सगळ्यांच्या मनात होतं, पण रोप फाटकाबाहेर गेलं असतं तर तुकडी लावणीयोग्य ठरली असती. शेवटी तिला हम्मादीची काठी दिली, एकोणतीसवर खाच असलेली. तिनं ती घरी नेली. खिरीच्या दिवशी तिनं मला बोलावलं होतं, तेव्हा घरामागच्या पाइनखाली आम्ही बसलो. तिथं चांगली गार सावली असते. काठी तिनं खोडाला टेकवून ठेवली होती. ती गुडघ्याच्याही खाली येत होती.

केफचा रस्ता धरून तुम्ही कधी गेलात तर ती पिशवी तुम्हाला दिसेल. तुम्ही हसाल. सगळेच हसतात, आम्ही वाईट वाटून घेत नाही. फक्त घरी परतल्यावर कपाटातून स्वतःच्या नेमणुकीचं पत्र काढा आणि त्यात तुम्हाला कशाच्या ‘होईपर्यंत’ ठेवलंय ते वाचून बघा. मग आठवा, गेल्या गुरुवारी, दुसरा चहा झाल्यावर, तुम्ही स्वतःच्या हातानं कुणाचा शेंडा खुडलात. तुमची प्रकृती उत्तम आहे, प्रगती चालू आहे आणि अजून थोडा वेळ लागेल. तेव्हा खात्याच्या परंपरेप्रमाणं आपलं लेखी अभिनंदन. कागद जपून ठेवा, जिरे बांधायला बरा पडतो.